संभाजी सोनकांबळेचा डावा हात

मला क्रिकेट खेळता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकोणीसशे छप्पन साली हैदराबादेत आमच्या दफ्तराच्या, म्हणजे सरकारी कचेरीच्या, टीमबरोबर मी दर रविवारी मैदानावर जायचो ते केवळ माझं अक्षर सुवाच्य म्हणून. मी स्कोअरर. बाभळीखाली टेबल मांडायचं, पेन्सिलीला टोक काढायचं आणि दुसऱ्यांचे पराक्रम चौकोनात भरायचे. चांगल्या अक्षरानं आयुष्यात मला जे जे ताप दिले त्यातला हा एक. पण त्यामुळेच संभाजी सोनकांबळेची गोष्ट मला पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत ठाऊक आहे. दुसरं कुणी ती सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं, कारण सगळे ती चुकीची सांगतात.

संभाजी आमच्याकडे दफ्तरी होता. कारकुनानं जुना कागद मागितला की शिडीवर चढून त्याचा गठ्ठा काढून द्यायचा, काम झालं की पुन्हा कापडात गुंडाळून लाल फितीनं बांधून जागेवर ठेवायचा. उदगीरकडचा माणूस. एकतीस-बत्तीस वर्षांचा, उंच, अंगानं सडपातळ, खांदे मात्र तालमीतल्यासारखे. मी बावीस वर्षांचा पोरगा असून त्याला ‘अरे संभाजी’ म्हणायचो आणि तो मला ‘अप्पासाब’. कारकून आणि दफ्तरी यांच्यात तशीच रीत होती. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, याची आज लाज वाटते.

त्या वर्षी आमच्या दफ्तरात कागदांखाली जमीन दिसत नव्हती. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठी जिल्हे मुंबई राज्यात, तेलुगू जिल्हे आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसूरकडे. म्हणून कागदांचेही तीन ढीग घातले होते आणि संभाजी दिवसभर शिडीवरून उतरून कधी या ढिगात, कधी त्या ढिगात गठ्ठे टाकत असे. मग माणसांच्या याद्या लागल्या. मी हैदराबादेतच राहणार होतो. संभाजीला औरंगाबाद मिळालं. एक नोव्हेंबरला तिथं हजर व्हायचं होतं.

हा माणूस बोलर कसा झाला तेही सांगतो. आदल्या वर्षी एका सामन्यात तो पाण्याची घागर घेऊन आला होता. सीमेबाहेर गेलेला चेंडू त्यानं उचलून परत फेकला आणि तो चेंडू सरळ यष्टीरक्षकाच्या हातात सणसणत जाऊन बसला. मुकुंदराव, म्हणजे आमचे हेडक्लार्क आणि टीमचे कॅप्टन, जागच्या जागी उडाले. पुढच्या रविवारी संभाजीच्या अंगावर कुणाची तरी पांढरी पँट होती आणि हातात नवा चेंडू. पावलं कशी टाकायची एवढं मुकुंदरावांनी शिकवलं. हात कसा आणायचा ते कुणी शिकवलं नाही, कारण त्याची गरजच वाटली नाही. चेंडू असा यायचा की समोरच्याला बॅट उचलायला सवड मिळत नसे. त्या मोसमात त्यानं एकोणतीस बळी घेतले. मीच लिहिलेत.

मग छप्पन साली आमच्या सामन्यांना पंच म्हणून हबीब साहेब आले.

हबीब साहेब एका शाळेतले निवृत्त ड्रिलमास्तर. तारनाक्याला राहायचे. इस्त्रीची पांढरी पाटलोण, बगलेत छत्री, आणि दुसऱ्या बगलेत लीगचं रजिस्टर. त्यांना कुणी चहा पाजू शकत नसे. सामन्याच्या दिवशी ते घरून पाणी आणायचे. गणपती झाल्यावरच्या रविवारी संभाजीनं त्यांच्यासमोर पहिली ओव्हर टाकली. पहिल्याच चेंडूला साहेबांचा हात आडवा झाला. “नो-बॉल!” सगळ्यांना वाटलं पाय रेषेपुढे पडला असेल. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला मुकुंदराव धावत गेले, तेव्हा साहेबांनी स्वतःचं कोपर वाकवून दाखवलं आणि झटक्यानं सरळ केलं. मैदानभर कुजबुज पसरली. त्या ओव्हरमध्ये मी सात नो-बॉल लिहिले. उरलेले सहा चेंडू संभाजीनं घाबरून कसेतरी हळू टाकले, म्हणून सुटले. समोरच्या टीमची पोरं ओरडायला लागली, “पत्थर मारो रे, पत्थर!” संभाजी लाँग-ऑनला जाऊन उभा राहिला, सामना संपेपर्यंत वर बघितलं नाही त्यानं.

सामना संपल्यावर साहेबांनी त्याला बोलावलं. मी सह्या घ्यायला तिथंच उभा होतो.

“मियाँ, हाथ में जान बहुत है. मगर ये गेंद डालना नहीं, फेंकना है. मालूम है तुमकू?”

“नहीं साब,” संभाजी म्हणाला.

“हौ. शकल से दिख रहा, मालूम नहीं.” साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि त्याच्या नावापुढे उर्दूत एक शब्द लिहिला. मला तो वाचता येत होता. ‘मश्कूक’. म्हणजे संशयित. “देखो, पेन्सिल से लिखा हूं. मेरे सामने एक मैच साफ डालो, मिटा दूंगा. एक भी गेंद टेढ़ी निकली तो स्याही से लिखूंगा, फिर जिंदगीभर नहीं मिटता.”

परत येताना मुकुंदराव समजुतीनं बोलत होते. “मनाला लावून घेऊ नकोस, संभाजी. पाच आठवड्यांत तू चाललास. आता बोलिंग करूच नकोस म्हणजे झालं. तिकडं औरंगाबादेत कोण ते रजिस्टर उघडून बघणार आहे?” बोलणं शहाणपणाचं होतं. मीही मान डोलावली. संभाजीनं डोलावली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढिगांमध्ये बसून तो डबा खात होता. मी उगाच म्हणालो, “अरे, एक शब्द तो. त्याचं काय घेऊन बसलास?”

त्यानं भाकरी डब्यात ठेवली. “अप्पासाब, गावात काही हरवलं की आधी आमच्या वस्तीत झडती. माझ्या बापाला दोनदा चावडीवर बसवून ठेवलं. त्यानं काही घेतलं नव्हतं, म्हणून त्याला काही करताच आलं नाही. न केलेलं कसं पुसणार? हे तसं न्हाई. हे म्या केलंय. नकळत केलंय, पर केलंय. म्हंजे हे मला नीट करता येतंय. ते केल्याबिगर मी गाडीत बसणार न्हाई.”

मी माझा डबा उघडला.

दोन दिवसांनी मुकुंदरावांच्या टेबलावरच्या दोन लाकडी फूटपट्ट्या नाहीशा झाल्या. त्यांनी शिपायांवर आरडाओरडा केला, मग मला धारेवर धरलं. त्या पट्ट्या कुठं आहेत हे मला कळलं ते असं. माझा एक मामा तारनाक्याच्या पुढं राहायचा. त्याच्याकडे मुक्काम करून मी सकाळी चालत नल्लकुंट्याला घरी परत येत होतो, तर युनिव्हर्सिटीच्या माळावर, मोठमोठ्या खडकांच्या मधोमध, कुणीतरी एकटाच धावत येऊन चेंडू टाकताना दिसलं. चेंडू खडकावर आपटून परत यायचा. जवळ जाऊन बघतो तर संभाजी. त्याच्या उजव्या हाताला, कोपराच्या दोन्ही बाजूंना, आमच्या हेडक्लार्कच्या दोन फूटपट्ट्या लाल फितीनं करकचून बांधलेल्या. हात वाकूच नये म्हणून.

“हे काय?”

“वाकायचं नाव काडू देत न्हाई त्याला,” तो म्हणाला. घामानं पट्टीवरची शाई उतरून दंडावर इंच उमटले होते.

तो रोज पहाटे फटफटताना येत होता. एकशेवीस चेंडू. खिशात चिंचोके घालून यायचा आणि चेंडू टाकला की एक चिंचोका खडकावर ठेवायचा. पट्ट्या होत्या तोवर हात सरळ राहायचा, पण चेंडू कुठंही जायचा, एकदा तर मागं गेला. आणि पट्ट्या सोडल्या रे सोडल्या की कोपर आपलं पुन्हा मोडायचं. बंद केलेलं जुनं दार वाऱ्यानं उघडावं तसं. फितीनं कातडी सोलली होती. आठवडाभर हे चाललं होतं आणि सुधारणा शून्य. मी त्याला म्हणालो, “तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या, संभाजीराव.” तोंडातून ‘तुम्ही’ कसं निघालं कळलं नाही. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढचा चिंचोका उचलला.

त्यानंतर मी रोज सकाळी जायला लागलो. क्रिकेटचं प्रेम नाही, नुसता हट्ट बघायला. आपल्यात नसलेली गोष्ट माणूस दुरून बघत बसतो, तसं.

एका सकाळी त्याची बायको सखू भाकरी घेऊन आली. तो तिथूनच परस्पर दफ्तरात जाणार होता. ती खडकावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि बघत राहिली. पाच चेंडू बघितले, दहा बघितले. मग मोठ्यानं हसली.

“अवो, गोफण कामून फिरवायलाव?”

संभाजी चिडला. घाम गाळणाऱ्या माणसाला हसलेलं कसं चालेल? “कुठली गोफण? चेंडू हाय ह्यो.”

“चेंडू असंल. हात गोफणीचा हाय.”

इथं जरा थांबून सांगायला हवं. ज्वारी हुरड्यावर आली की पाखरं उडवायला शेतात माळा बांधतात, वर एक माणूस दिवसभर गोफण घेऊन उभा असतो. संभाजी सात वर्षांचा असल्यापासून गावातल्या लोकांच्या शेतात माळ्यावर उभा राहिलेला. सखूही तिच्या गावी हेच करायची, आणि तिच्या सांगण्यावरून नवऱ्यापेक्षा चांगलं करायची. गोफणीत डाव्या हातानं खड्याची खोळ पुढं धरतात. उजवा फिरायला लागला की डावा ती सोडतो, आणि सोडली की डाव्याचं काम संपतं. तो खाली पडतो. पुढचं सगळं उजव्यानं एकट्यानं करायचं, शेवटी कोपराला झटका देऊन.

सखूनं पदराचं टोक दुमडलं, त्यात खडा ठेवला आणि करून दाखवलं. “हे बगा. सोडला. डावा गेला खाली. तुमी ह्येच करायलाव. पळत येताव, डावा पुढं धरताव, आन् मधीच मेल्यावानी सोडून देताव. मग उजवा एकटा काय करंल? मोडंलच की. आन् तुमी त्या बिचाऱ्या उजव्यालाच बांधून घातलंय!”

संभाजीनं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. मीही. इतके दिवस मी रोज समोर बसून बघत होतो, मुकुंदराव पंधरा वर्षं क्रिकेट खेळत होते, हबीब साहेबांना नियम तोंडपाठ होते. सगळ्यांची नजर उजव्या कोपरावर. डाव्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

“मग काय करू?” त्यानं विचारलं. या विचारण्यात मानपान नव्हता, आणि त्याबद्दल मला तो माणूस फार आवडला.

“रहाटाला दोन बादल्या असतात न्हवं? एक खाली गेली की दुसरी आपसूक वर येती. तसं करा. डावा वर न्या, पार आभाळाला. मग त्याला जोरात खाली वडा. उजव्याला काही सांगू नका. त्याचा तो येतोय.”

त्यानं पट्ट्या सोडल्या. धावत आला, डावा हात उंच उचलला, त्या हाताच्या वरून खडकाकडे बघितलं आणि डावा खाली ओढला. उजवा कानाला घासून वर आला, सरळ, आणि चेंडू सुटला तो खडकावरून पलीकडे निघून गेला. आम्ही तिघं बराच वेळ झुडपात चेंडू शोधत होतो. पण हात सरळ होता. माझ्यासारख्या ठोंब्यालाही दिसला.

आता नवी अडचण. गोफणीत खडा उशिरा सुटतो. इथं हात डोक्यावर असतानाच बोटांनी चेंडू सोडायला हवा होता. संभाजी कधी आधी सोडायचा, कधी तसाच धरून पायाशी आपटायचा. यावर उपाय त्याचा त्यानंच काढला. माळावर एक चिंचेचं झाड होतं. त्याच्या खालच्या फांदीला त्यानं दफ्तरातली लाल फीत बांधून खाली सोडली, एवढी की हात पूर्ण वर गेल्यावर बोटांना लागावी. फितीला बोट लागलं की चेंडू सुटलाच पाहिजे. बोट लागल्याशिवाय सुटला तर तो चेंडू मोजायचा नाही. एकशेवीस मोजून व्हायला त्याला आता दोनशे टाकावे लागत. आणि चेंडू सोडल्यावर हात मध्येच अडवायचा नाही, डाव्या गुडघ्यापर्यंत जाऊ द्यायचा, हे सखू ओरडून ओरडून सांगायची. आसपासची पोरं तिला ‘कोच अम्मा’ म्हणायला लागली. तिला त्याचा अर्थ मी सांगितला तेव्हा ती म्हणाली, “मग पगार द्या म्हनावं.”

एक गोष्ट मात्र गेली ती परत आली नाही. वेग. ते सणसणत येणं कोपराच्या झटक्यात होतं, आणि झटका गेला तसं तेही गेलं. नव्या हाताचा चेंडू चांगला पडायचा, जरासा आत वळायचा, पण त्यानं कुणी घाबरलं नसतं. संभाजीला हे माझ्याआधी कळलं होतं.

“एकोणतीस बळी घेतले होते तुम्ही,” मी म्हणालो.

“ते ह्या हातानं घेतले नव्हते,” तो म्हणाला.

दसऱ्याच्या दीक्षेसाठी त्यांच्या वस्तीतली माणसं नागपूरला निघाली. संभाजी आणि सखूही गेले. चौथ्या दिवशी परतले ते बौद्ध होऊन. दोघांच्या अंगावर पांढरे कपडे, आणि चालण्यात काहीतरी निराळं होतं. मी माझ्या घरच्या वळणाप्रमाणे जरा बिचकतच विचारलं, तिथं काय झालं. “लई माणसं होती,” तो म्हणाला. “एवढ्या माणसांत उभं राहून खोटं वागणार न्हाई म्हणालो. घरात एकट्यानं म्हणण्यापेक्षा ते अवघड असतंय.” दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा चिंचेखाली होता, आणि चुकलेल्या चार दिवसांचे चेंडू त्यानं आठवडाभरात भरून काढले.

अठ्ठावीस ऑक्टोबर, रविवार. तारनाक्याकडच्या रेल्वेच्या मैदानावर आमच्या टीमचा शेवटचा सामना. खरोखरच शेवटचा, कारण गुरुवारी ती टीम राहणारच नव्हती. अकरांपैकी चौघं औरंगाबादकडे, दोघं गुलबर्ग्याकडे निघाले होते. समोर इंजिनिअरांच्या दफ्तराची टीम. पंच म्हणून हबीब साहेब, आणि दुसऱ्या बाजूला आमच्याच दफ्तरातले हणमंतराव, कारण लीगनं ऐनवेळी दुसरा पंच पाठवला नव्हता. मुकुंदराव संभाजीला बोलिंग द्यायला तयार नव्हते. “एक जरी नो-बॉल पडला तर जन्माचा डाग लागेल. का उगाच?” संभाजी म्हणाला, “लागला तर माझ्या नावाला लागंल. द्या चेंडू.”

आमच्या एकशे बारा धावा झाल्या. मग संभाजी चेंडू घेऊन धावला. पहिला चेंडू सुटला तेव्हा मी स्कोअरबुकाकडे नाही, हबीब साहेबांच्या हाताकडे बघत होतो. हात मागे बांधलेलेच राहिले. दुसरा. तिसरा. सीमेपाशी पोरांनी ‘पत्थर’ म्हणून बघितलं, पण त्यांचाही उत्साह टिकला नाही. हा पत्थर कुठला, साधा सरळ चेंडू. इंजिनिअर मंडळींनी त्याला आरामात चौकार मारले. तरी तो डावा हात प्रत्येक वेळी आभाळाला जात होता. पुढं एकाचा झेल उडाला, एकाचा त्रिफळा गेला. मी नो-बॉलच्या रकान्यात काहीच लिहिलं नव्हतं आणि तो रिकामा रकाना मला सारखा बघावासा वाटत होता.

चार वाजून गेले. त्यांना जिंकायला चार धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. मुकुंदरावांनी चेंडू संभाजीला दिला. ओव्हरचे पाच चेंडू त्यानं टिच्चून टाकले, एकही धाव नाही. सहाव्या चेंडूआधी मुकुंदराव त्याच्याकडे चालत गेले. काय बोलणं झालं ते मला मुकुंदरावांनीच पेन्शनीत गेल्यावर सांगितलं, सुलतान बाजारात पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभं राहून. त्या चेंडूच्या वेळी हबीब साहेब लेगच्या बाजूला उभे होते, पश्चिमेकडे तोंड करून. उतरतं ऊन सरळ त्यांच्या डोळ्यांत जात होतं आणि त्यांनी कपाळावर हात धरला होता. बोलरच्या बाजूला आमचे हणमंतराव.

“संभाजी, एकच,” मुकुंदराव म्हणाले. “पूर्वीचा. हा अकरावा खेळाडू त्याला बघूसुद्धा शकणार नाही. म्हातारा आंधळा झालाय उन्हानं. हणमंतराव आपला माणूस आहे.”

“न्हाई साहेब.”

“अरे, परवा तू गाडीत बसणार. टीम संपली. जिंकून संपू दे की!”

“न्हाई साहेब,” संभाजी पुन्हा म्हणाला, आणि आपल्या खुणेकडे चालू लागला.

मी टेबलामागे उठून उभा राहिलो होतो. तो धावत आला. डावा हात वर गेला, पार वर. उजवा कानाजवळून आला आणि चेंडू डोक्यावरच सुटला. चेंडू छान पडला, आत वळला. त्या अकराव्या खेळाडूनं डोळे मिटून बॅट फिरवली. कड लागली, चेंडू स्लिपच्या मधून मागे गेला आणि सीमेपार झाला. मी चार लिहिले. आम्ही हरलो.

इंजिनिअरांची पोरं नाचत मैदानात शिरली. आमची माणसं एकेक करून बाहेर आली, कुणी संभाजीशी बोललं नाही. मुकुंदरावांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला त्यांचा इतका राग आला की पेन्सिल मोडली. मोसमभर ज्यानं राब राब राबावं त्याच्याशी असं वागायचं? पण मी तरी काय केलं? वही घेऊन पंचांकडे गेलो.

हबीब साहेबांनी वही बघितली. “नो-बॉल?”

“एकही नहीं, साब.”

त्यांनी रजिस्टर उघडून त्या पेन्सिलीच्या शब्दावर बोट ठेवलं. पण पुढं काही करेनात. मग त्यांनी संभाजीला हाक मारली. तो आला, पँटीला हात पुसत. पलीकडे झाडाखाली बसलेली सखूही उठून चार पावलं पुढं येऊन थांबली.

“मियाँ, सब गेंदें देखा. साफ थे. मगर आखरी गेंद मेरे कू नहीं दिखी. धूप थी आंखों में.” साहेब अडखळले. नियम तोंडपाठ असलेला माणूस नियमात नसलेलं काहीतरी विचारत होता. “मुकुंदराव तुमकू क्या बोले, वो दूर से भी समझ गया मैं. फेंकते तो मैच तुम्हारा था. कोई नहीं देख रहा था. कायकू नहीं फेंके?”

संभाजीला प्रश्नच कळला नसावा असं वाटलं.

“मैं देख रहा था ना, साब.”

हबीब साहेबांनी रबरासाठी माझ्यापुढं हात केला. मी ते दिलं. मला रडू येत होतं, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही.